फौंड्रीत काम करणाऱ्यानं प्रोसेस ॲनालिटिक्स आणि कंट्रोलचं ट्रेनिंग नेमकं कुठलं घ्यावं?

वाळूवाला_शिरोली

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब आहे पण पूर्ण वाचा आणि ज्यांनी प्लांटवर हे काम केलंय त्यांनी सांगा. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत प्रोसेस बघतो, मेटलर्जीचा डिप्लोमा, नऊ वर्षं झाली. हाय प्रेशर मोल्डिंग लाईन, ग्रीन सँड (क्ले आणि पाणी घातलेली साच्याची वाळू), ग्रे आणि एसजी दोन्ही आयर्न (बिडाचे दोन प्रकार), माल ट्रॅक्टर आणि ट्रकच्या पार्टचा. मृग लागला की आमचं रिजेक्शन वाढायला लागतं, ब्लो होल (वायूमुळं कास्टिंगमध्ये पडलेली भोकं) आणि सँड इनक्लूजन (आत अडकलेली वाळू), आणि दिवाळीनंतर आपोआप खाली येतं, दरवर्षी हेच, आणि दरवर्षी मीटिंगमध्ये उत्तर एकच, "पावसाळा आहे." मला हे उत्तर द्यायचा आता कंटाळा आलाय.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी सँड प्लांटला नवीन पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि स्काडा (आकडे दाखवून साठवणारी सिस्टिम) बसवून घेतला. वाळूचं तापमान, मॉइश्चर, मिक्सरचे अँपिअर, पाणी किती लिटर गेलं, सगळं दर ५ सेकंदाला कॉम्प्युटरात पडतंय. पण तो डेटा कुणी उघडून बघत नाही. गेल्या महिन्यात मालकांनी बोलावलं आणि म्हणाले तू शिकून घे, खर्च कंपनी करेल, वर्षात १५ दिवस सुट्टी देतो, पण येऊन काहीतरी करून दाखव.

तीन पर्याय दिसतायत. एक, पुण्यात पीएलसी-स्काडाचा महिन्याचा क्लास. दोन, ऑनलाईन डेटा सायन्स, सहा महिने शनिवार-रविवार, पायथॉन वगैरे. तीन, पाच दिवसांचं एसपीसी (आकडेवारीनं प्रोसेसवर लक्ष ठेवणं) आणि एमएसएचं (मोजमाप किती भरवशाचं ते तपासणं) ट्रेनिंग, जे कस्टमर ऑडिटला सर्टिफिकेट दाखवायला पण चालतं. पैसे दुसऱ्याचे आहेत म्हणून जास्त दडपण आहे, वाया गेले तर पुढच्या पोराला कुणी पाठवणार नाही. कुठलं घेऊ?

उद्यमनगर_जुना

पोरा, तिसरं घे. पहिली दोन वाईट आहेत असं नाही पण आधी तिसरं. मी २६ वर्षं फौंड्रीत काढली, सुरुवात उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कास्टिंगवर, तेव्हा वाळू मुठीत दाबून, मोडून बघायची आणि पाणी सांगायचं. शेवटची बारा वर्षं क्वालिटी बघत होतो.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडं कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे नळीत भरलेली वाळू तीन ठोक्यात किती टक्के खाली बसते ते, ३८ ते ४२ ठेवायची असं ठरलेलं. रात्रपाळीला ४३-४४ यायची आणि दिवसपाळीला ३८-३९, आणि दोन्ही पाळ्यांचं भांडण, रात्रीचे म्हणणार दिवसाचे वाळू सुकी देतात, दिवसाचे म्हणणार रात्रीचे पाणी ओततात. चार महिने हे चाललं. शेवटी मी एकाच बॅचची वाळू घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली आणि दोन्ही पाळीच्या पोरांना शेजारी शेजारी उभं करून मोजायला लावली. एकाच वाळूला एक ३९ सांगतोय आणि दुसरा ४३! एक जण वाळू चाळणीतून हळू नळीत सोडायचा, दुसरा हातानं भरून थोडी दाबायचा आणि वरून घासायचा. दाबून भरली की तीन ठोक्यात कमी बसते, म्हणून आकडा कमी येतो. चार महिने वाळूवर संशय घेतला आणि दोष मोजण्यात होता.

एमएसए म्हणजे हेच. गेज आर अँड आर, म्हणजे एकूण फरकात मोजण्याचा वाटा किती ते, १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगलं, १० ते ३० मध्ये असेल तर कामाचं महत्त्व बघून चालवायचं, ३० च्या वर गेलं तर त्या आकड्यावर कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. तुमच्या स्काडात दोन वर्षांचे लाखो आकडे असतील, पण मॉइश्चरचा प्रोब शेवटचा कधी कॅलिब्रेट केला ते आधी विचार. स्पेक्ट्रोचं (मेटलमधले घटक मोजणारं मशीन) पण तेच, सँपल तांब्याच्या साच्यात झटकन गोठून पांढरं झालं पाहिजे, आत ग्रॅफाईट सुटलं की कार्बनचा आकडा चुकतो आणि त्यावर आपण भट्टीत कार्बन टाकत बसतो.

दुसरं, एसपीसीत एक गोष्ट नीट शिकून ये, कधी हात लावायचा नाही ते. कंट्रोल चार्ट १९२४ साली वॉल्टर शूहार्टनं वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असताना काढला, आता शंभर वर्षं होऊन गेली, पण आपल्याकडं तो ऑडिटच्या आदल्या रात्री भरतात. लॅबवाला अर्ध्या तासानं एक रीडिंग आणतो, ४१ आली की मिक्सरवाला पाणी कमी करतो, पुढची ३९ आली की वाढवतो. प्रोसेस मुळात स्थिर असताना प्रत्येक रीडिंगला तेवढंच उलटं दुरुस्त करत राहिलं तर व्हेरियन्स दुप्पट होतो, म्हणजे पसारा साधारण १.४ पट. पोरं इमानदारीनं राबून प्रोसेस बिघडवत असतात, आणि त्यांना कुणी सांगत पण नाही. हे मला पन्नाशीत कळलं, तुला आत्ताच कळू दे.

इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर आहे, तिथं ओळख ठेव, वाळूवर कार्यक्रम असला की जात जा.

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

जुन्या काकांचं बरोबर आहे पण मी कंट्रोलच्या बाजूनं बोलतो. मी कागल साईडला, साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो, चौदावा हंगाम.

दादा, पीएलसीचा क्लास आणि प्रोसेस कंट्रोलचं ट्रेनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकच समजतात. पीएलसीच्या क्लासात लॅडर लॉजिक शिकवतात, मोटर चालू कर, टायमर लाव, लिफ्टचा प्रोग्रॅम. नोकरीला उपयोगी आहे, मी पण केलाय. पण लूप (मोजून आपोआप दुरुस्त करणारा कंट्रोल) हंट का करतोय म्हणजे सारखा वरखाली का होतोय, डेड टाईम (केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला लागणारा वेळ) म्हणजे काय, फीडफॉरवर्ड कुठं लावायचा, हे त्यात बऱ्याचदा नसतं. सिलॅबस मागून घ्या आणि त्यात डेड टाईम आणि ट्यूनिंग हे शब्द आहेत का बघा, नसतील तर तुमच्या कामाला तो क्लास अर्धाच.

आमच्याकडचं सांगतो. रसाला चुना आणि सल्फर डायऑक्साईड देतात आणि पीएच ७ च्या आसपास धरायचा असतो, खाली गेला तर साखर इन्व्हर्ट होऊन जाते, वर गेला तर रंग वाढतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. एका हंगामात पीएचचा लूप सारखा वरखाली, ट्रेंड बघितला तर करवतीच्या दातासारखा. तिघांनी तीन वेळा पीआयडी (लूप चालवणारा कंट्रोलर) ट्यून केला. गेन (कंट्रोलर किती जोरात दुरुस्ती करतो ते) कमी केला की डुलणं हळू व्हायचं पण थांबायचं नाही. मग मी लूप मॅन्युअलला टाकला आणि बघत बसलो, दहा मिनिटांत पीएच बऱ्यापैकी सरळ. म्हणजे बाहेरून काही येत नव्हतं, लूपच स्वतःला हलवत होता. मग मॅन्युअलमध्येच आउटपुट अर्धा अर्धा टक्का वाढवत नेला, तीन टक्क्यांपर्यंत व्हॉल्व्ह जागचा हलला नाही आणि मग एकदम उडी मारली. ग्लँड गळत होती म्हणून फिटरनं पॅकिंग करकचून आवळली होती, व्हॉल्व्ह चिकटत होता. पाना लावून ग्लँड सैल करून नवीन पॅकिंग घातलं, अर्ध्या तासाचं काम. तो दिवस मला पूर्ण डिग्रीपेक्षा जास्त शिकवून गेला.

आणि पीएच लॉगमध्ये असतो, एक युनिट म्हणजे दहापट, त्यामुळं ७ च्या जवळ जो गेन चालतो तो ९ ला चालत नाही, शिवाय इलेक्ट्रोडवर साका बसला की तो सुस्त होतो आणि आपण कंट्रोलरला शिव्या देतो.

ट्यूनिंगचं झिग्लर-निकोल्स १९४२ चं आहे, सगळ्या क्लासात तेच शिकवतात, ते माहीत पाहिजे पण चालत्या प्लांटवर तसंच्या तसं लावलं तर लूप फार उड्या मारतो. लॅम्डा ट्यूनिंग (लूप किती सावकाश चालवायचा ते आधी ठरवून ट्यून करणं) शिकवणारा कुणी भेटला तर त्याच्याकडं बसा.

तुमच्या वाळूला तर फीडफॉरवर्ड लागणारच, रिटर्न सँड (वापरून परत आलेली वाळू) किती गरम आणि किती ओली आहे त्यावर पाणी आधीच ठरवायचं आणि कॉम्पॅक्टेबिलिटीच्या रीडिंगनं फक्त थोडं वरखाली करायचं. आमच्या बॉयलरला थ्री एलिमेंट कंट्रोल असतो, ड्रम लेव्हल, स्टीम फ्लो, फीड वॉटर फ्लो, विचार तोच आहे. नुसत्या लेव्हलवर चालवला तर स्टीम एकदम ओढली की ड्रममधलं पाणी फुगून लेव्हल वर दिसते आणि कंट्रोलर नेमका तेव्हाच पाणी तोडतो.

कुणी साखर लाईनमधलं वाचत असेल तर मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट दोन्हीकडं चौकशी करा. फौंड्रीवाल्यांना एनपीटीईएलवर (सरकारी ऑनलाईन कोर्सची साईट) आयआयटीच्या सरांचे प्रोसेस कंट्रोलचे व्हिडिओ फुकट आहेत, फक्त परीक्षा द्यायची तर फी.

केमिकल_राजारामपुरी

मी मूळची राजारामपुरीची, केमिकल इंजिनिअर, सध्या गोव्यात फार्मा प्लांटमध्ये. वरचं दोघांचंही पटलं, पण डेटा सायन्सच्या पर्यायाची कुणी बाजूच घेतली नाही म्हणून लिहितेय.

आमच्या क्षेत्रात २००४ ला अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारी संस्था) पीएटीचं (प्रोसेस ॲनालिटिकल टेक्नॉलॉजी) गाईडन्स काढलं, म्हणजे माल तयार झाल्यावर तपासण्यापेक्षा बनत असतानाच मोजा. ड्रायरमध्ये पावडर सुकत असताना एनआयआर (इन्फ्रारेड प्रकाशावर चालणाऱ्या) प्रोबनं मॉइश्चर बघतात, सँपल काढून लॅबला न्यायची वाट बघत नाहीत. तिथं मी शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही की एक-एक टॅगचा (सिस्टिममध्ये नोंदली जाणारी एक-एक गोष्ट, उदाहरणार्थ तापमान) वेगळा चार्ट बघून बऱ्याचदा काही दिसत नाही.

तुमचंच उदाहरण घेते, माझा भाऊ गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे म्हणून थोडं माहितीय, चुकलं तर काका सांगतील. समजा मॉइश्चर ३.४, लिमिटमध्ये. कॉम्पॅक्टेबिलिटी ३८, ती पण लिमिटमध्ये. दोन्ही चार्ट हिरवे. पण एवढं पाणी असताना कॉम्पॅक्टेबिलिटी एवढी कमी का? म्हणजे पाणी कुठंतरी दुसरीकडं जातंय, फाईन्स (बारीक भुगा) किंवा डेड क्ले (जळून चिकटपणा गेलेली क्ले) वाढलीय आणि ती पाणी पितेय. दोघांचं नातं बिघडलंय, आकडे नाही. ही गोष्ट पीसीएवर (अनेक आकड्यांचं एकमेकांशी नातं काढायची पद्धत) आधारलेला मल्टिव्हेरिएट, म्हणजे सगळे आकडे एकत्र बघणारा, चार्ट पकडतो, वेगवेगळे वीस चार्ट पकडत नाहीत. हे काही फार नवीन पण नाही, अशा चार्टमागचा हॉटेलिंगचा टी-स्क्वेअर १९३१ चा आहे.

पण म्हणून सहा महिन्यांचा जनरल डेटा सायन्स कोर्स घ्या असं मी म्हणणार नाही. मी तसा एक केला, त्यात घरांच्या किमती आणि मेलमधला स्पॅम ओळखणं, आणि प्लांटच्या डेटाला लागणारी एकही गोष्ट नव्हती. ५ सेकंदाचे आकडे एकमेकांना चिकटलेले असतात, आत्ताचं तापमान ५ सेकंदापूर्वीच्या तापमानासारखंच असणार, त्यावर सरळ साधा कंट्रोल चार्ट लावला तर लिमिट इतक्या अरुंद येतात की दिवसभर खोटे अलार्म. दुसरं, कॉम्प्युटरात साठवताना कॉम्प्रेशन लावलेलं असतं, म्हणजे बदल थोडा असेल तर आकडा लिहीतच नाही आणि मधली जागा सरळ रेषेनं भरतो, मग पसारा खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तुमच्या स्काडावाल्याला हे नक्की विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ जुळवणं. ब्लो होल कळतो फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करताना), दोन दिवसांनी, किंवा कस्टमरकडं मशीनिंगला, तीन आठवड्यांनी. तो मोल्ड कुठल्या मिनिटाला झाला, तेव्हा हॉपरमध्ये कुठल्या बॅचची वाळू होती, कुठल्या लॅडलचं मेटल, हे जुळत नसेल तर जगातलं कुठलंही मॉडेल काही सांगणार नाही. आमच्याकडं बॅच नंबर असतो म्हणून सोपं. तुमच्याकडं कास्टिंगवर काय असतं?

वाळूवाला_शिरोली

ताई, कास्टिंगवर हीट कोड (भट्टीच्या एका वितळणीचा नंबर) आणि तारीख असते, वेळ नसते. एका हीटमध्ये दीड-दोन तासांचे मोल्ड येतात आणि तेवढ्यात वाळूच्या पन्नास बॅच होतात. म्हणजे तुम्ही म्हणताय तसं जुळवायला माझ्याकडं काही नाहीच. हे मी नऊ वर्षांत कधी असं बघितलं नव्हतं.

आणि काका, वाळूचं गेज आर अँड आर करायचं कसं? बोअर गेजला दहा पार्ट ठेवून तिघांनी तीन-तीन वेळा मोजता येतात, वाळू तर एकदा ठोकली की गेली, आणि ठेवली की सुकते.

उद्यमनगर_जुना

बरोबर प्रश्न विचारलास. एकाच बॅचची पाच-सहा किलो वाळू घे, लगेच छोट्या पिशव्यांत वाट, हवा काढून बांध, आणि सगळ्या पिशव्या एकसारख्या आहेत असं धरून १५-२० मिनिटांत मोजून संपव. अशा दहा वेगवेगळ्या बॅच. पिशव्या-पिशव्यांतला फरक त्यात मिसळणार, त्याला इलाज नाही, पण माणसा-माणसातला फरक मोठा असेल तर तो लपत नाही. कोण कुणाच्या आधी मोजणार ते चिठ्ठ्या टाकून ठरव, नाहीतर शेवटच्याच्या वाट्याला कायम सुकी वाळू येईल.

पावसाळ्याचं पण सांगतो. सगळे म्हणतात हवेत ओल म्हणून वाळूत पाणी जास्त. माझा अनुभव उलटा. कूलरमध्ये रिटर्न सँड थंड होते ती पाणी उडून, आणि बाहेरची हवाच ओलीचिंब असली तर पाणी उडत नाही, वाळू गरमच पुढं जाते. गरम वाळूचं पाणी मिक्सर ते मोल्डिंग या रस्त्यात उडतं, आणि थंड पॅटर्नवर वाफ धरून वाळू चिकटते. मिक्सरला ४० कॉम्पॅक्टेबिलिटी आणि मोल्डिंगला ३५. तुम्ही सँपल कुठून घेता?

वाळूवाला_शिरोली

मिक्सरच्या खालून. कायम तिथूनच.

उद्यमनगर_जुना

मग उद्यापासून मोल्डिंग मशीनच्या वरच्या हॉपरमधून पण घे. त्याला कोर्स लागत नाही.

हंगामी_इन्स्ट्रुमेंट

आणि तीच वाळू मिक्सरपासून हॉपरपर्यंत यायला किती वेळ लागतो तो पण लिहा, तोच तुमचा डेड टाईम. त्यापेक्षा कमी वेळात पाण्याला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही.

वाळूवाला_शिरोली

तीन आठवड्यांनी लिहितोय. आधी आभार मानतो, तुम्ही तिघांनी जेवढा वेळ दिला तेवढा मला ऑफिसात पण कुणी दिला नव्हता.

आर अँड आर काकांच्या पद्धतीनं केलं. चार टेस्टर, दहा बॅच. ४० टक्क्यांच्या वर आलं. मालकांना कागद दाखवला तर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले म्हणजे दोन वर्षं आपण काय लिहीत होतो. त्या दिवशी भीती वाटली होती पण त्यांनी टेस्टरपैकी कुणाला बोल लावला नाही, हे मला फार मोठं वाटलं. चौघांना एकत्र बसवून नळी भरायची एकच पद्धत ठरवली, चाळणी एका उंचीवर, हात लावायचा नाही, पट्टीनं एकदाच घासायचं. परत केलं तर २२ आलं.

मिक्सर आणि हॉपरमधला फरक दुपारी दोननंतर वाढतोय, सकाळी दीड-दोन पॉइंट आणि दुपारी चार पॉइंटच्या पुढं. रिटर्न सँडचं तापमान स्काडात बघितलं तर तेव्हाच ५० च्या वर जातंय, म्हणजे काका म्हणाले त्याच दिशेनं. स्काडावाल्यानं सांगितलं की कॉम्प्रेशन लावलेलं होतंच, ताई, ते चार टॅगवरचं काढायला लावलंय.

मोल्डिंग लाईनच्या काउंटरचा नंबर आणि वेळ आता पीएलसी लिहून ठेवतोय, आणि दर तासाला पहिल्या मोल्डमध्ये एक आकड्याचा टॅग बदलतोय, म्हणजे कास्टिंगवर तास उमटतोय. पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींनीच ही युक्ती सांगितली.

ट्रेनिंगचं असं ठरवलं. एसपीसी-एमएसएचे पाच दिवस पुढच्या महिन्यात, आणि ट्रेनरला आधीच फोन करून विचारलं की माझा स्वतःचा डेटा घेऊन बसू का, तर हो म्हणाले. त्यानंतर एनपीटीईएलचा प्रोसेस कंट्रोलचा कोर्स घरी. उरलेले दहा दिवस राखून ठेवलेत. ताई, मल्टिव्हेरिएटला हात घालायच्या आधी तासाच्या टॅगचा डेटा किती महिन्यांचा लागेल?

केमिकल_राजारामपुरी

महिने मोजू नका, ब्लो होल सापडलेले तास मोजा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा दोन्ही त्यात आले पाहिजेत, नाहीतर मॉडेल फक्त ऋतू ओळखायला शिकेल. तोवर मॉइश्चर भागिले कॉम्पॅक्टेबिलिटी एवढा एकच रेशो एक्सेलमध्ये रोज काढा आणि लॅबच्या भिंतीवर लावा. मी दिवाळीला घरी येतेय, चार दिवस आहे, लॅपटॉप घेऊन या, बसू.